ताईबाईंचा वेग

गाडी विक्रमच्या नावावर झाली, फाइल बंद झाली. पण हे अजून घडलंच नाही असं धरून चालू. म्हाळूआबाही आठ महिने तसंच धरून चालले होते.

अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला तसा आबांनी बायकोच्या मृत्यूचा दाखला तांदळाच्या डब्यात पार कोपरापर्यंत हात घालून खुपसला, झाकण लावलं, हात लेंग्याला पुसले आणि दारात येऊन चेहरा विसरभोळा केला. सरावानं तो आता झकास जमायचा.

“सापडला का आबा दाखला?” वरवंडच्या विक्रमनं चपला काढायच्या आधीच विचारलं.

“न्हाई ना. घरात पाव्हणं येत न्हाईत, चोर येत न्हाईत. जातंय कुठं काय कळंना.”

आबा चहा टाकायला आत गेले.

गाडी आबांच्या बायकोच्या, ताईबाईंच्या नावावर होती. कोरेगाव भीमाच्या एका कंपनीच्या कँटीनात अठरा वर्षं चपात्या लाटून त्यांनी ती घेतली होती. जुनीच, पण स्वतःच्या नावावर. चालवायचे आबा. ताईबाई गेल्यावर आबांनी ती विक्रमला विकली. पैसे रोख आले, किल्ली गेली, दाखल्यावाचून कागद तेवढे राहिले. त्यामुळं रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचे दंडाचे निरोप अजून ताईबाईंच्याच फोनवर यायचे. आबा तो फोन रोज चार्ज करत.

हयातीत काटा चाळीसच्या वर गेला की ताईबाई ‘मला हितंच उतरवा’ म्हणायच्या. गेल्यापासून मात्र त्यांनी पाटसजवळ एकशेचार गाठला होता आणि दौंडात दोनदा चुकीच्या जागी गाडी लावली होती.

“दंड मी भरतोय आबा, त्याचं काय न्हाई,” चहाचा कप घेत विक्रम म्हणाला. “पन उद्या कुनाला ठोकलं तर विमावाले मला दारात उभं करायचे न्हाईत. गाडीत माझी पोरगी बसती. आन् केस व्हईल ती तुमच्या मंडळींवर.”

“समन्स कुठं नेऊन देनार?”

“थट्टा नका करू आबा.”

कपाटावरचा फोन वाजला. दाखला न सापडणाऱ्या माणसाला चष्मा एका झटक्यात सापडला. आबांनी उभं राहून, सावकाश, शाळेत धडा वाचावा तसं वाचलं.

“ताईबाई म्हाळू ओव्हाळ, आपण सीटबेल्ट न लावता वाहन चालवताना आढळला आहात.”

“परवाचा असंल,” विक्रम ओशाळून म्हणाला.

आबांनी पुन्हा वाचलं. या खेपेला फक्त नाव.

“पुऱ्या नावानं हाक मारत्यात बघ,” फोन सदऱ्याला पुसत ते म्हणाले. “गावात समदी ‘आबाची गेलेली’ म्हंत्यात.”

विक्रम रिकाम्या कपात बघत राहिला. मग त्यानं कप हलकेच खाली ठेवला.

“ऱ्हाऊ द्या दाखला. सापडंल तवा द्या. घाई न्हाई.”

आबा दारात उभे राहिले. विक्रम गाडीत बसला, त्यानं सवयीनं सीटबेल्ट ओढला, हातात धरला, आबांकडं पाहिलं आणि परत सोडून दिला. पट्टा सरसरत जागेवर गेला.

“थांब रं!”

आबा आत पळाले. परत आले तेव्हा बाहीला तांदूळ चिकटला होता. त्यांनी दाखला खिडकीतून आत दिला. दोन दाणे विक्रमच्या मांडीवर पडले.

“वारसाची सही कुठं लागंल तिथं करतो,” आबा म्हणाले. “आधी पट्टा लाव.”

त्याला तीन महिने झाले. फोन रोज चार्ज होतो. वाजत नाही. काल आबांनी शिरूरला जाऊन अर्ज टाइप करून घेतला. टाइप करणाऱ्यानं दोनदा मान वर केली, पण आबा सांगत राहिले.

“मा. परिवहन अधिकारी साहेब यांस. अर्जदार : म्हाळू ओव्हाळ, रा. निमोणे, ता. शिरूर. विषय : दंडाचे संदेश पूर्ववत चालू ठेवणेबाबत. महोदय, सदर वाहन खरेदीदाराचे नावे झाले, त्याबाबत तक्रार नाही. तरी मयत मालकाचे नंबरवर महिन्यातून किमान एक संदेश, संपूर्ण नावानिशी, पाठविण्यात यावा. गुन्हा कोणताही चालेल. वेगाचा असल्यास तो चाळीसच्या आत असावा, ही नम्र विनंती.”