मला घाम फुटेना तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. कैरोच्या एका अरुंद गल्लीत, शिरीषाच्या झाडाखाली, लाकडी तिवईवर उभा असतो. येणारा-जाणारा झाकण सरकवतो, साखळीला बांधलेला पेला बुडवून पाणी पितो, माझ्या धन्यासाठी दुआ मागतो आणि पुढे जातो.

मूळचा मी नाईल नदीचा गाळ. किती काळ तिच्या तळाशी झोपलो होतो, कोण जाणे. केना गावच्या एका कुंभाराने मला चाकावर घेतले, उन्हात वाळवले, भट्टीत भाजले. झिलई मात्र दिली नाही. म्हणून माझ्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहिली. पोटातले पाणी त्यांतून झिरपते, वारा ते टिपून घेतो आणि आतले पाणी गार होते. लोक म्हणतात, रांजणाला घाम आला. शिडाच्या होडीतून मी शहराकडे आलो, तेव्हा खाली नदी वाहत होती. आपलेच अंग आपल्याखालून वाहत जावे, तसे वाटत होते.

मला इथे बसवले अब्दुस्समी गाडीवानाने. वाटसरूला पाणी पाजणे हे त्याच्या लेखी मेल्यावरही चालू राहणारे पुण्य होते. तो गेला. तेव्हापासून त्याची बायको सनिय्या मला रोज सकाळी भरते. गल्ली तिला थोरल्या मुलाच्या नावाने उम्म फतही, म्हणजे फतहीची आई म्हणते. भरताना ती माझ्याशी बोलते, म्हणजे खरे तर त्याच्याशीच. "आज ऊन जास्त आहे हं. तुझी चाकरी वाढली."

दुपारी गल्ली पेंगू लागते. शिरीषाच्या वाळक्या शेंगा खुळखुळतात. माझे थेंब मातीत पडतात, चिमण्या ते टिपतात. अशा वेळी मला ती होडी दिसते, आणि मी अजून पोहोचलोच नाही, असे वाटते.

उन्हाळे मात्र वाढत गेले. शहराने त्यांच्याशी झुंजायला मोठी योजना आखली. गाड्यांचा धूर कमी व्हावा म्हणून तिच्यात बस आणायची होती, आणि त्या बससाठी आमची गल्ली रुंद होणार होती. एके दिवशी कुणीतरी शिरीषाच्या खोडावर लाल फुली मारून गेले. झाड गेले की सावली जाणार, सावली गेली की मी तापणार, आणि मग अब्दुस्समीसाठी दुआ कोण मागणार?

पुढे निरोप आला. योजना पक्की होण्याआधी शहराच्या कार्यालयातली इंजिनीअरबाई गल्लीचे म्हणणे ऐकायला येणार होती. तिचे नाव नेव्हीन.

पाहुणे येणार म्हटले की आमच्या गल्लीला दुसरे काही सुचत नाही. झाडलोट झाली, दोऱ्यांवरचे कपडे उतरले, झाडाच्या खोडाला पांढराशुभ्र चुना लागला. समोरचा इस्त्रीवाला शहाता दाराचा उरलेला हिरवा तेलरंग घेऊन आला.

"उम्म फतही, तुमच्या नवऱ्याला आज नवरदेव करतो."

"कर बाबा. लग्नातसुद्धा घामट सदऱ्यात आला होता."

त्याने मला दोन हात रंग दिला, वर पिवळी फुले काढली. एवढे कौतुक माझे कधी झाले नव्हते. पण माझा श्वास कोंडला. घाम येईना. नदीही दिसेना.

नेव्हीन आली. खुर्ची, चहा, बडीशेप झाली. तिने कागद उघडला. "उन्हाळ्यात काय त्रास होतो, मोकळेपणानं सांगा."

"त्रास कसला? अल्लाची कृपा आहे. तुम्ही आलात, गल्ली उजळली," गल्लीतले कुणीतरी म्हणाले.

"आमच्याकडे यायला ऊन घाबरतं," शहाता म्हणाला. "माझ्या इस्त्रीला विचारा."

सगळे हसले. पाहुण्यापुढे रडगाणे गाणे म्हणजे त्याच्या चहात मीठ घालणे, अशी आमची रीत. फुलीचे बोलायचे ठरवून आलेली सनिय्याही म्हणाली, "सगळं छान आहे, लेकी."

"मग तसंच कळवते. कुणाची तक्रार नाही." नेव्हीनने कोरा कागद मिटला आणि पाणी मागितले.

सनिय्याने मोठ्या मानाने माझ्यातला पेला भरून दिला. नेव्हीनने एक घोट घेतला, थांबली, आणि सगळा पेला कसाबसा संपवला. "हाताला बरकत येवो, मावशी. छान आहे."

सनिय्याने तिचा चेहरा पाहिला. मग स्वतः एक घोट घेतला.

"अगं, हे तर कोमट, पायावर ओतायचं पाणी. छान कसं म्हणालीस?"

"तुम्ही एवढ्या प्रेमानं दिलंत..."

"शहाता, तू याचं अंग बुजवलंस."

"चांगलं दिसावं म्हणून हो," शहाता पुटपुटला.

"तेच तर. आपण सगळ्यांनीच तेच केलं." सनिय्याने पेल्याची कड खोडावर घासली. चुन्याचे पोपडे गळाले आणि खालून लाल फुली वर आली. "बस, लेकी. परत विचार. आता खरं सांगतो."

नेव्हीनने कागद पुन्हा उघडला. पहिला शहाताच बोलला. गेल्या उन्हाळ्यात इस्त्रीपाशी चक्कर येऊन पडल्यावर त्याला ह्याच झाडाखाली आणून निजवले होते, माझे पाणी तोंडावर मारले होते. हे त्याने बायकोलाही सांगितले नव्हते. मग सगळी गल्ली झिरपू लागली.

शहाताने विटेचा तुकडा घेऊन मला घासले. माझ्या आणि स्वतःच्या नावाने तो बोटे मोडत होता. रंग निघता निघेना. शेवटी एका सकाळी माझ्या पोटावर एक थेंब उमटला. "आलास?" सनिय्या म्हणाली.

काही महिन्यांनी बदललेला नकाशा आला. शहाताने तो इस्त्री फिरवून सपाट केला. रस्ता आमच्यापाशी येऊन किंचित वळला होता, आणि वळणात एक हिरवे वर्तुळ होते.

"ह्यात रांजण कुठे आहे?" सनिय्याने विचारले.

"तो कसा दिसेल, उम्म फतही? तो सावलीत आहे."

मित्रांनो, मला एकच मागायचे आहे. माझ्यासारखा कुणी तुमच्या वाटेवर दिसला, तर त्याला पाण्याने भरा, पण रंगवू नका. आणि कुणी मनापासून विचारले, "काय त्रास होतो?", तर पाहुणचार थोडा बाजूला ठेवा आणि खरे ते सांगा.

आता दुपार झाली आहे. शेंगा खुळखुळत आहेत, आणि खालून नदी वाहते आहे.