दोष माझ्या पोटात नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. पोट पोकळ, तरीही विजेच्या साहाय्याने बोलणारी. माझ्या तारांखाली एक लोहचुंबक आहे आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे आहेत. याला पिकअप म्हणतात. तार छेडली की त्यात अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. ती वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाते आणि तेथे तिचा मोठा आवाज होतो. हा सारा प्रवास नीट ध्यानात ठेवा. माझी कथा त्यावरच उभी आहे.

डेट्रॉइटमधील एका चर्चमध्ये, जिथे सारे एकमेकांना ब्रदर-सिस्टर आणि वडीलधाऱ्या बाईला मदर म्हणत, सिस्टर व्हर्लीन गॅड्सडेन मला वाजवीत. आठवडाभर त्या रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करीत आणि रविवारी त्याच हातांनी माझ्याकडून असे सूर काढीत की बाकांवरची माणसे आपोआप उभी राहत. प्रवचन संपले की त्या वाजवीत वाजवीत बाकांमधून चालत निघत आणि थेट शेवटच्या बाकापाशी थांबत. तेथे वृद्ध मदर लुसिंडा बसत. गुडघ्यांमुळे त्यांना पुढे येणे शक्य नव्हते.

"ज्याला पुढं येता येत नाही, त्याच्यापर्यंत गाणं चालत गेलं पाहिजे," असे व्हर्लीन म्हणत.

पुढे चर्च मोठ्या वास्तूत गेले आणि शेवटचा बाक फार दूर पडला. मंडळींनी प्रेमाने तीन वायरी डाख देऊन जोडल्या आणि व्हर्लीनच्या चालण्याची सोय केली. त्याच सुमारास माझा आवाज गढूळला. प्रत्येक सूर जणू ओल्या घोंगडीखालून येऊ लागला.

"काय हो सिस्टर, तुमची गिटार तोंडात मक्याचा पाव कोंबून गाते का?" ऑर्गन वाजवणारे ब्रदर ऑर्व्हिल म्हणाले.

"तुमच्या ऑर्गनसारखी डुलकी तरी काढत नाही!" व्हर्लीननी ठणकावले खरे, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

रेव्हरंड पेटवे यांनी अखेर त्यांना बाजूला बोलावले. "सिस्टर, खूप सेवा केलीत. आता तुमच्या थकलेल्या कानांनाही जरा विश्रांती द्या. ईस्टरपर्यंत वाजवा, मग नुसता ऑर्गनच ठेवू."

व्हर्लीननी माझी मान इतकी घट्ट धरली की तारा त्यांच्या बोटांत रुतल्या असतील.

दुसऱ्याच दिवशी त्या मला घेऊन एल्रॉय टिब्ज यांच्याकडे गेल्या. टिब्ज तंत्रविद्यालयात रेडिओ दुरुस्ती शिकवीत. त्यांची शिस्त मी कधी विसरणार नाही.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, व्हर्लीन. दोन बदलल्या, तर गुन्हेगार कोण हे देवालाच ठाऊक राहतं."

प्रथम त्यांनी नव्या तारा चढवल्या. मग पिकअप किंचित खाली उतरवला, कारण चुंबक तारांना फार खेटला की जाड तारांचा आवाज फोफावतो. नंतर स्वर कमीजास्त करणारे बटण उघडून आतील प्रत्येक जोड मीटरने तपासला. त्यांच्या मेजावर मी प्रत्येक वेळी घंटेसारखी वाजले. चर्चमध्ये पुन्हा तोच चिखल!

"इथं गाते अन् तिथं घोगरते. देवापुढं लाजते की काय?" व्हर्लीन म्हणाल्या.

टिब्ज हसले आणि हसता हसता थांबले. "तिथं वेगळं काय आहे? खोली वेगळी, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा... आणि वायर."

शनिवारी ते आपली आखूड वायर घेऊन चर्चमध्ये आले. ती जोडली, मी स्वच्छ बोलले. लांब वायर जोडली, पुन्हा घोंगडी.

"सापडलं! पिकअपची वीज फार नाजूक असते. इतकी लांब वाट चालताना उंच सूर रस्त्यातच सांडतात. तुझे कान ठणठणीत आहेत, बाई."

व्हर्लीनना आनंद झाला आणि लगेच मावळला. "म्हणजे सूर दिलेस अन् पाय काढून घेतलेस. आखूड वायरीनं मी मदरपर्यंत पोचू कशी?"

टिब्जनी भिंतीतल्या विजेच्या सॉकेटपासून शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, "गिटारची वायर आखूड हवी. अ‍ॅम्प्लिफायरला वीज पुरवणारी वायर मात्र खुशाल लांब चालेल. तू चाल. अ‍ॅम्प्लिफायर तुझ्यामागून येईल."

ईस्टरच्या सकाळी चर्चच्या स्वयंपाकघरातील ताटे वाहण्याच्या चाकांच्या गाड्यावर अ‍ॅम्प्लिफायर विराजमान झाला. पांढरे हातमोजे घालून टिब्ज तो ढकलू लागले.

"ब्रदर, कॉफीत साखर दोन चमचे!" ऑर्व्हिल ओरडले. हशा पिकला. तेवढ्यात व्हर्लीननी पहिली तार छेडली आणि हशा तिथेच विरला. सूर लखलखीत होता. रेव्हरंड पेटवे उठून उभे राहिले आणि ईस्टरनंतरच्या बेताविषयी त्यांनी पुन्हा कधी शब्द काढला नाही.

आम्ही शेवटच्या बाकापाशी पोहोचलो. मदर लुसिंडांनी डोळे मिटून सारे ऐकले आणि व्हर्लीनचा हात धरला.

"पोरी, इतके महिने तू इथवर यायचीस, पण गिटार तिकडंच राहायची. आज दोघी आलात बघ."

मित्रांनो, कोणाचा आवाज मंदावला तर त्याला घरी बसवण्याची घाई करू नका. तो आवाज ज्या वाटेने तुमच्यापर्यंत येतो, ती वाट आधी तपासा; धीराने, एका वेळी एकच गोष्ट बदलून. आणि वाजवून झाल्यावर माझ्या तारा कोरड्या फडक्याने पुसत जा. हातांचा घाम त्यांना फार लवकर खातो.