नववा नियम

पिंचर्स कोव्हच्या तुरुंगात कोठड्या दोनच, आणि दोन्ही एकदम भरल्याचं कुणाला आठवत नाही. खाली तुरुंग, वर कोर्टाची खोली. कोर्टाला वर्षातले तीनशे त्रेसष्ट दिवस कुलूप. उरलेल्या दोन दिवसांत सेंट जॉन्सहून न्यायाधीशाचं जहाज यायचं, दोन दिवसांत काय ते निवाडे उरकायचं आणि पुढच्या बंदराला निघून जायचं. ज्याच्यावर जहाज गेल्यावर बालंट आलं, त्याने पुढच्या जहाजापर्यंत कोठडीत बसायचं. न्यूफाउंडलंडच्या उत्तर किनाऱ्यावर न्यायसुद्धा माशासारखा हंगामातच मिळायचा, त्याला कोण काय करणार!

ओबडाया बडन तिथला जेलर. वय अठ्ठावन्न, एक गुडघा कामातून गेलेला. बायको सेलायना पाच वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेली. मुलगी बॉस्टनला कुणाच्या तरी घरी कामाला होती, तिचं पत्र यायचं नाताळला, तेही चार ओळींचं. गावात त्याला कुणी वाळीत टाकलं नव्हतं हो. पण कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकवून फिरणाऱ्या माणसाशी मनातलं कोण बोलणार? बडन दिसला की लोकांच्या गप्पा वाऱ्यापावसावर यायच्या, आणि तो पुढे गेला की मागे पुन्हा हशा सुरू व्हायचा. हिवाळ्यात बंदर गोठलं की तो हशाही बंद. मग बडन, शेगडी आणि भिंतीवरचं घड्याळ. सलग पाच हिवाळे त्याने असे काढले होते. सहावा आपल्याच्याने निघेल असं त्याला वाटत नव्हतं, आणि हे सांगायलाही जवळ माणूस नव्हता.

अठराशे एकाहत्तर सालच्या एप्रिलात गॅरेट कोडी आत आला. चाळिशीचा कोळी, आयरिश, जिभेला हाड नाही. त्याच्या होडीत सापडलेलं जाळं आपल्या कोठारातलं आहे, असं हॅलेट व्यापाऱ्याचं म्हणणं. गॅरेट म्हणे, जाळं माझ्या बापाचं. जामिनाला दोन घरदार असलेली माणसं हवी होती, पण अख्ख्या गावाचं पीठमीठ हॅलेटच्या दुकानातून यायचं. एकानेही तोंड उघडलं नाही. जहाज यायला पाच महिने होते.

प्रत्येक कोठडीत नियमांचा छापील कागद टांगलेला असायचा. एकूण बावीस नियम. नववा असा की जेलरने कैद्याशी कामापुरतंच बोलावं, गप्पा मारू नयेत. आणि चौदावा असा की दर रविवारी जेलरने सगळे नियम मोठ्याने वाचून दाखवावेत आणि कैद्याला जे समजणार नाही ते समजावून सांगावं. पहिल्या रविवारी बडनने ओळींवर बोट फिरवत बावीसच्या बावीस वाचले.

"कळलं का सगळं?"

"नववा नाही कळला," गॅरेट म्हणाला.

"त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

"कामापुरतं म्हणजे केवढं, ते सांगा की. आता तुमचा गुडघा कसा आहे हे मी विचारलं, तर ते काम का गप्पा?"

"माझा गुडघा दुखतो हे तुला कोणी सांगितलं?"

"जिन्याने. एक पायरी धाडकन वाजते, दुसरी मुंगी चालल्यासारखी."

पाच वर्षांत बडनच्या गुडघ्याची चौकशी कुणी केली नव्हती. त्याने गुडघ्याबद्दल थोडं सांगितलं, मग ओघात मलमाबद्दल, मग ते मलम कालवणाऱ्या सेलायनाबद्दल. भानावर आला तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती.

तेव्हापासून नियम रविवारचे रोज झाले. कैद्याला समजत नाहीत म्हटल्यावर बिचारा जेलर तरी काय करणार? बडन काकवी घातलेला चहा आणि भिजवलेली कडक बिस्किटं घेऊन आत जायचा, कोठडीतल्या बाकावर टेकायचा, आणि एखादा नियम वाचून झाला न झाला की गाडी कुठल्या कुठे जायची. गॅरेटला वाचता येत नव्हतं, पण नववी ओळ कुठे येते हे त्याने बघून ठेवलं होतं. बडन बोलता बोलता फारच वाहवत गेला की तो उठायचा, गंभीर तोंड करून कागदाच्या नवव्या ओळीवर बोट ठेवायचा आणि गप्प उभा राहायचा. मग दोघंही खो खो हसायचे. "अरे बस खाली, मेल्या," बडन म्हणायचा, "तुझ्यापायी माझी नोकरी जाईल." आणि पुढे बोलत राहायचा.

जुलैत नोटीस आली. जहाज नऊ सप्टेंबरला येणार. खटला न झालेल्या कैद्याला साक्षीदार बोलावण्यासाठी पत्र धाडायची मुभा होती, म्हणून बडनने कागद-दौत आणली.

"डेनीला लिहा," गॅरेट म्हणाला. डेनी म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, शिडाच्या होडीने दोन दिवसांवर लाँग आर्मला राहायचा. "लिहा, तुझं अर्धं जाळं घेऊन ये. बाप गेल्यावर एकाच जाळ्याचे दोन तुकडे केले आम्ही. बुचाच्या प्रत्येक तरंग्याला बापाने माशाच्या शेपटीसारखी खाच पाडली होती. दोन तुकडे शेजारी ठेवले की आंधळ्यालाही कळेल कुणाचं जाळं ते."

"मग झालं तर. सुटलास तू."

"थांबा, अजून आहे." गॅरेट पहिल्यांदाच जरा अडखळला. "जाळं कापताना मी त्याला वाटेल तसं बोललो. तीन वर्षं झाली, एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. लिहा, माझं चुकलं म्हणून. ते जरा बऱ्या शब्दांत लिहा हं. मला काही तसं जमत नाही."

बडनने खरंच मन लावून लिहिलं. एवढं सुंदर पत्र त्याने सेलायनालाही कधी लिहिलं नव्हतं. टपालाचं गलबत शुक्रवारी निघायचं. गुरुवारी संध्याकाळी पाकीट हातात घेऊन तो टेबलाशी बसला, आणि तिथेच घात झाला.

त्याला आदल्या वर्षीचा खटला आठवला. साक्षीदार आला नाही, तेव्हा न्यायाधीशाने प्रकरण पुढच्या फेरीवर ढकललं होतं. पुढची फेरी म्हणजे पुढचा सप्टेंबर. म्हणजे मधला हिवाळा... बडनने पत्र खणात ठेवलं. जाऊ दे पुढच्या गलबताने, घाई काय आहे, असं स्वतःला सांगितलं. पुढचं गलबत आलं तेव्हा पत्र सेलायनाच्या प्रार्थनेच्या पुस्तकाखाली सरकलं होतं. मी काही त्याला फासावर देत नाही, तो मनाशी म्हणायचा. खाऊन-पिऊन उबेत राहील. बाहेर तरी त्याच्यासाठी कोण ताट वाढून बसलंय? लबाडी स्वतःशीच करायची असली की माणसाला काय काय सुचतं!

"उत्तर आलं का हो?" दर पंधरवड्याला गॅरेट विचारायचा.

"नाही रे."

"नसेलच. लिहिता कुठे येतंय त्याला. सरळ येऊनच उभा राहील बघा." आणि बादली उपडी घालून तो उंचावरच्या खिडकीशी चढायचा. तिथून फक्त डोलकाठ्यांची टोकं दिसायची. "त्याचं शीड तपकिरी आहे," तो सांगायचा, "झाडाच्या सालीत उकळलेलं. लगेच ओळखू येतं." बडन चहाचे पेले उचलून वर निघून जायचा.

जहाजाचं निशाण दिसलं त्या सकाळी बडनने पत्र जाळायला म्हणून खिशात घातलं. पण शेगडी पेटवायच्या आतच वरून कोर्टाच्या कारकुनाने हाक मारली आणि कैद्याला घेऊन यायला सांगितलं.

न्यायाधीशाला पडसं झालं होतं. धुक्यामुळे जहाज चार दिवस मागे पडलं होतं आणि पुढे पाच बंदरं होती. हॅलेटच्या माणसाने साक्ष दिली, जाळं टेबलावर टाकलं. ज्युरीतले बारा जण आपापल्या बुटांकडे बघत बसले.

"तुझा साक्षीदार कुठे आहे?"

"पत्र धाडलं होतं, माय लॉर्ड. जुलैतच."

"म्हणजे यायला दोन महिने होते." न्यायाधीशाने नाक पुसलं. "ज्याला दोन महिन्यांत यावंसं वाटलं नाही, त्याच्यासाठी हे कोर्ट आणखी एक वर्ष थांबणार नाही. काही म्हणायचं आहे तुला?"

बडनचा हिशेब चुकला. खटला पुढे जाणारच नव्हता! आता गुन्हा शाबीत, आणि तीन महिन्यांहून जास्त शिक्षा झाली की सेंट जॉन्सचा मोठा तुरुंग, याच जहाजाने. तरीसुद्धा बडनच्या खिशातलं पाकीट खिशातच राहिलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

गॅरेट उभा राहिला. वर्षभराचा थकवा एका सकाळीत आल्यासारखा दिसत होता.

"काही नाही, माय लॉर्ड. भाऊ आला नाही म्हणजे त्याला यायचं नव्हतं. मी त्याला फार लागेल असं बोललो होतो. माफी मागितली होती पत्रात, पण नसेल केलं त्याने माफ. त्याचाही दोष नाही." मग तो बडनकडे वळला आणि चक्क हसला. "जेलरसाहेबांनी पत्र फार छान लिहिलं होतं. त्यांच्याकडून काही कमी पडलं नाही."

शिव्या घातल्या असत्या तर बडनने सोसल्या असत्या. हे त्याला सोसवेना. तो उठला, लंगडत टेबलाशी गेला आणि खिशातलं पाकीट न्यायाधीशासमोर ठेवलं.

"पत्र गेलंच नाही, माय लॉर्ड. मी ठेवून घेतलं. त्याच्या भावाला यातलं काही ठाऊक नाही."

"का? हॅलेटने सांगितलं म्हणून?"

"नाही. हिवाळा येतोय म्हणून."

खोलीत कुणालाच काही कळलं नाही. कळलं ते एका गॅरेटला. त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि मग हळूहळू गेलं.

न्यायाधीशाने पाकीट फोडलं, पत्र सबंध वाचलं, आणि त्याचा आवाज चढला. खटला पुढच्या फेरीवर. कैद्याला आजच, त्याच्या स्वतःच्या जामिनावर मोकळं करावं. जेलर बडतर्फ. पण नवा माणूस वसंतातल्या पहिल्या जहाजाशिवाय येणार नव्हता, आणि किल्ल्या घ्यायला गावात कुणी तयार होईना. तेव्हा तोवर किल्ल्या बडननेच सांभाळाव्यात असं ठरलं. बडनला हवं होतं तेच झालं म्हणायचं, खटला वर्षभर पुढे गेला.

गॅरेट सामान घ्यायला खाली आला. सामान ते काय, एक सदरा, एक पत्र्याचा पेला आणि जाळं विणायची सुई. बडन कोठडीच्या दारात उभा होता. दाराला आता कुलूप नव्हतं.

"डेनीला मी आजच लिहितो," तो म्हणाला.

गॅरेट सदऱ्याची घडी घालत होता.

"गॅरेट, अरे, चुकलं माझं. एकटा पडलो होतो रे मी. बोल काहीतरी. शिव्या घाल, पण बोल."

गॅरेटने बोचकं काखेत मारलं. भिंतीपाशी गेला, कागदावरच्या नवव्या ओळीवर बोट ठेवलं आणि उभा राहिला. बडन जुन्या सवयीने त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, आता हसेल, मग हसेल म्हणून. गॅरेटने बोट काढलं आणि त्याच्या बाजूने दाराबाहेर निघून गेला.

ऑक्टोबरात तपकिरी शिडाची एक होडी बंदरात आली, दोन भावांना घेऊन लाँग आर्मला परत गेली. बडनने ती वरच्या खिडकीतून पाहिली. नोव्हेंबरात बंदर गोठलं. नियम दर रविवारी कैद्यांना वाचून दाखवायचे असतात. कैदी नव्हता, तेव्हा वाचायचं कारण नव्हतं.