ढवळीची जागल

दुष्काळात भल्याभल्यांना काही सुचेनासं होतं. पण अंजनाचं डोकं भणाणून सोडलं होतं ते एका इंग्रजी शब्दानं. सिरसाळ्याच्या कॉलेजातल्या सरांनी 'वेक' या क्रियापदाचं मूळ शोधून आणायला सांगितलं होतं. सरांना काय जातंय सांगायला! दूध सोसायटीच्या चारा छावणीत, कडब्याच्या सावलीला बसून ती डिक्शनरी उलटत होती. वेक म्हणजे जागं होणं. जागं करणंही. पूर्वी म्हणे जागं राहून राखण करणं, म्हणजे आपली जागल, असाही अर्थ होता, आणि मेलेल्या माणसापाशी जागत बसतात, तेही वेकच. एकट्या जिवाला एवढी कामं तिनं फक्त आपल्या आईच्या अंगावर पाहिली होती.

पुढ्यात त्यांची म्हातारी गाय, ढवळी, बसून होती. दुष्काळात बसलेलं जनावर आपणहून उठत नाही. रोज चौघं जण तिच्या पोटाखाली पोतं घालून, बांबूवर उचलून तिला उभी करायचे. पोटाचं कातडं पार सोलून निघालं होतं. अंजनाचे आजोबा तात्याबा, म्हणजे तिचे आबा, ढवळीपायी कित्येक रात्री टक्क जागे होते. आज दुपारी मात्र त्यांना बसवेना.

"अंजे, जरा पाठ टेकतो. ध्यान ठिव. तिनं मान टाकली का मला उठव. लगीच उचलाया लागंल."

पाठ टेकली आणि घोरायला लागले.

उन्हं कलली आणि ढवळीनं मान टाकली. अंजना ताडकन उठली. आबांच्या खांद्यापर्यंत हात नेला, आणि तिथंच थांबली. किती दिवसांनी म्हातारा झोपला होता! पण मग ढवळी? तिला काही म्हणजे काही कळेना. शेवटी ती ढवळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाईचा श्वास कधी थांबला तेही समजलं नाही. पोरगी आपली माश्या वारतच होती.

आबा जागे झाले. एका नजरेत काय ते समजले.

"कावून उठवलं न्हाई गं?"

अंजनाला हुंदका आवरेना. "काय करावं तेच कळंना, आबा. मी हितंच होते. हलले न्हाई."

तात्याबांनी ढवळीच्या सोललेल्या पोटावर हात ठेवला.

"उठवलं असतंस, तर म्या चौघांला हाळी दिली असती. तिला पुन्ना बांबूला टांगलं असतं."

मग त्यांनी ढवळीचं डोकं अलगद आपल्या मांडीवर घेतलं.

"जा पोरी, पड जरा. हिला न्यायला गाडी येईस्तवर आता जागल माझी."