काळे गुंड

भंडाऱ्यातल्या आमच्या पितळी भांड्यांच्या गल्लीत भांडी ठोकणारं आता एकच दुकान उरलंय, ते आमचं. बाकीच्या दुकानांत काय काय आलंय ते विचारूच नका. एका ठिकाणी केस कापायला आधी फोन करून वेळ घ्यावी लागते म्हणे. एका ठिकाणी कुत्र्यांचे कपडे मिळतात. आणि आमच्या अगदी भिंतीला लागून मेघानं कॉफीचं दुकान काढलं. मेघा इथलीच, पुण्याला शिकून परत आलेली. बोलणं इतकं लाघवी की आमचे हे, म्हणजे लिलाधर, दोन वाक्यांत विरघळतात.

दोन्ही दुकानं चंद्रकुमार शेठची. आता आमचंही मेघाला द्यायचं त्यांच्या मनात आहे, असं कानावर आलं तेव्हापासून यांचं जेवणातून लक्ष उडालं. मी सरळ मेघाकडे गेले आणि विचारलं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही कुठेही जायचं नाही. तुम्ही आहात म्हणून ही गल्ली आहे. शेठ उद्घाटनाला येतील, तेव्हा मी बोलते." वर तिनं उद्घाटनाला दुकानात मांडायला पोटमाळ्यावरचे माझ्या सासऱ्यांच्या हातचे गुंड मागितले. पाणी भरायची ही मोठी पितळी भांडी धूर खाऊन काळीकुट्ट झाली होती. तिला म्हणे तीच हवी होती.

आता तुम्हीच सांगा, शुभकार्याला काळं भांडं कोणी नेतं का? आमच्यात लग्न असो की बारसं, भांडं लखलखीत केल्याशिवाय उंबऱ्याबाहेर काढत नाहीत.

"लाजंखातर बोलली नसंल पोरगी," हे म्हणाले. "आपूनच घासून देऊ."

मग काय, चिंच घेतली, राख घेतली आणि दोघंही बसलो अंगणात. माझे हात सोलवटले, पण मन मोठं खूश होतं. गुंड सोन्यासारखे दिसत होते. शेठनं हे पाहिलं की दुकान वाचलंच, असं मला वाटत होतं.

उद्घाटनाच्या दिवशी गुंड घेऊन गेलो, तर मेघा दारातच थबकली.

"काका, हे काय केलं?"

"काही नाही जी, थोडसे घासले."

"पण मला जुने हवे होते!"

"जुनेच हायेत ना बाई. माह्या बापानं ठोकलेले."

"पण आता ते जुने दिसत नाहीत ना, काका."

हे गुंडाकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. तेवढ्यात शेठ आले आणि म्हणाले, "वा, नवीन घेतले वाटते!" मेघाच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला तिची दयाही आली आणि रागही आला. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

पुढच्या आठवड्यात शहरातून दुसरे गुंड आले, काळेच. मी नखानं खरवडून पाहिलं, तर रंग नखात आला.

"हे तं नवेच हायेत वं," मी म्हटलं.

"हो काकू, पण जुने दिसतात ना?" ती हसून म्हणाली. मी मान हलवली. काय समजून हलवली, देव जाणे.

पोरीनं शब्द मात्र पाळला, खोटं कशाला बोलू? ती शेठशी बोलली. आमचं दुकान तिला मिळालं, मधली भिंत पडली आणि यांना त्याच जागी काचेमागे बसायला जागा मिळाली.

"काका, शनिवार-रविवार तुम्ही फक्त ठोकत बसायचं. लोकांना बघायला आवडेल."

"बनवू काय?"

"काहीच बनवायचं नाही."

"मंग ठोकू कायले?"

ती पुन्हा हसली. गल्लीतली सुलोचनाबाई मला विचारते, "वाचलं ना वं दुकान?" मी हो म्हणते. घरी आले की वाटतं, नाही. नक्की काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही.

पहिल्या शनिवारी मेघानं यांच्यापुढे तिचा एक काळा गुंड ठेवला. "हळू मारा हं काका, रंग निघतो त्याचा." काचेपलीकडे लोक फोन धरून उभे. यांनी हातोडी उचलली, ती वरच राहिली. गुंड फिरवला, पुन्हा उचलली, पुन्हा वरच. शेवटी मला खुणेनं बोलावलं.

"अवं, तयार भांडं हाये हे. कुठंच काही कमी नाही. मारू तं कुठं मारू?"

मी वाकून गुंड चारी बाजूंनी पाहिला. मलाही काही सापडेना. पलीकडे मेघा हातानं 'सुरू करा, सुरू करा' करत होती.

"मारा जी कुठंबी," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी डोळे मिटले आणि हातोडी खाली आणली.