उघडी फाइल

अंबिकाची अक्कल काही गहाण पडलेली नव्हती. गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहून ती भल्याभल्या गिऱ्हाइकांना ओळखायची. पण सार्थकला ओळखताना पोरगी फसली, ती फसलीच.

तिचे वडील खंडेराव, म्हणजे आबा, करमाडचे. मेंढरं राखणारे, आणि ढोल वाजवण्यात पंचक्रोशीत नाव. पोरीनं ढोलाला हात लावलेला त्यांना खपायचा नाय. म्हणून तिनं जुना लॅपटॉप घेतला, आबांच्या ढोलाचा एकेक ठोका फोनवर रेकॉर्ड करून त्यात भरला आणि पडद्यावर एकेका ठोक्याचा चौकोन शेजारी शेजारी मांडत ताल रचायला बसली. कॉम्प्युटरला सगळं रांगेत हवं असतं. आबांचा डावा हात मोडून जुळलेला, त्याचा ठोका जरासा मागं पडायचा, आणि त्या मागं पडण्यातच तर सगळी मजा! अंबिकानं एकेक ठोका रांगेबाहेर ओढला, कुठं हलका केला, कुठं दाबला. चार मिनिटांच्या तालाला तीन महिने लागले.

सार्थकची डीजेची गाडी होती. डीजेवाल्यांची रीतच असते, गाणं सुरू होताना आधी नाव वाजतं. दोघांचं ठरलं होतं, या तालाआधी वाजेल, ‘ताल रचला अंबिका खंडेराव, करमाड’. ते नाव तिनं तालात बसवूनच दिलं होतं. तर हा म्हणतो, “उघडी फाइल दे गं, स्पीकर बघून बेस कमी-जास्त करावा लागतो.” उघडी फाइल म्हणजे प्रत्येक आवाज सुटा, हवा तो काढा, हवा तो घाला. आणि हिनं दिली! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

करमाडला एका हळदीत सार्थकचा डीजे लागला. अंबिकानं आबांना हट्टानं स्पीकरपुढं नेऊन उभं केलं. “आबा, नीट ऐका हं.” एकदा नाव कानावर पडलं की आबा ‘माझी पोर’ म्हणतील, एवढंच तिला हवं होतं.

“डीजे सार्थक! डीजे सार्थक!” आणि ढोल सुरू झाला.

पुढचं नाव येईल म्हणून ती थांबली. आलंच नाय. आबांचे डोळे मात्र भरून आले होते.

“अगं, हा तर माझा हात! जत्रेत ऐकून उचलला असंल पोरानं.”

“आबा, मी केलंय ते. मी!”

“येडी का काय? समद्या गावानं त्याचं नाव ऐकलं.”

आबा तडक सार्थककडं निघाले. अंबिका मागोमाग धावली. “सांग त्यांना, कुणी केलं ते सांग!”

सार्थकनं तिच्याकडं बघितलं, मग भोवतीच्या गर्दीकडं. “शेजारी बसायची काका ती. हौस हाय तिला.”

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आबांनी कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली. त्यांच्यात भंडारा पहिला लागायचा तो ढोलवाल्याच्या कपाळाला. अंबिकाला तो मान कधी मिळाला नव्हता. आबांनी चिमूटभर घेऊन सार्थकच्या कपाळी लावला आणि पोरीला हाताला धरून पुढं ओढलं.

“हौस हाय तर शिकव की थोडं माझ्या पोरीला.”

“शिकवतो की काका,” सार्थक म्हणाला.