भिंतीतले तेवीस व्होल्ट

माझा काटा शून्यावर थांबत नाही. शून्याच्या उजवीकडे अर्ध्या रेघेवर थांबतो. काचेखालचा स्क्रू किंचित फिरवला की जागेवर येतो. मित्रांनो, मी एक जुना काट्याचा मीटर आहे. व्होल्ट आणि अँपिअर मोजणे हे माझे काम आणि संशय हा माझा स्वभाव. जिथे सगळे आलबेल असते, तिथे मला कोणी नेत नाही.

एका बेकरीच्या मालकांनी मला विकत आणले. दुसऱ्याने केलेल्या जोडणीवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. म्हणून बेकरीतली सगळी वायर त्यांनी स्वतः भिंतीत घातली. तेव्हा माझा मोठा मान होता. ते गेले आणि मी पिठाच्या डब्यांमागे धूळ खात पडलो.

मग पाव आतून कच्चे राहू लागले. बेकरी आता मालकांच्या बायकोची होती आणि विजेची भट्टी सांभाळायची तिची धाकटी जाऊ. भट्टीच्या दुरुस्तीत धाकटीने चांगली कॉइल काढून हलकी बसवली, असा थोरलीला संशय आला. तोंडावर ती काही बोलली नाही. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, की घरचेच मांजर दूध पिऊ लागले तर शिंके किती उंच बांधायचे? भट्टीवर दुसरा माणूस ठेवायचेही घाटू लागले.

हातचे काम जाणार, हे धाकटीने ओळखले. तिने मला पुसले, काटा जागेवर आणला आणि थोरलीसमोरच मोजायला घेतले. भट्टी बंद असताना दोनशे तीस व्होल्ट भरले. भट्टी चालू केल्यावर नऊ अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो. तो आला साडेपंचवीस ओहम. भट्टीच्या पाटीवर मात्र दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपिअर लिहिलेले, म्हणजे तेवीस ओहम.

"ह्यांचा मीटर आहे, खोटं बोलायचा नाही," थोरली म्हणाली. "कॉइल ती नव्हे."

मित्रांनो, मी दोन्ही वेळा खरेच सांगितले होते. पण व्होल्ट बंद भट्टीचे आणि अँपिअर चालू भट्टीचे! असा भागाकार केला तर निरपराधही चोर ठरतो.

मग धाकटीने चालू भट्टीच्याच टोकांना माझ्या पिना लावल्या. काटा दोनशे सातवर आला. भागिले नऊ, तेवीस. कॉइल तीच होती.

उरलेले तेवीस व्होल्ट भट्टीपर्यंत पोहोचतच नव्हते; वाटेत, भिंतीतल्या वायरमध्ये खर्च होत होते. त्यांना नऊने गुणले की दोनशेहून जास्त वॉट होतात. दोन मोठे बल्ब गिलाव्याच्या आत जळत असावेत, एवढी ती उष्णता.

धाकटीने आकडे सांगितले. वायर कोणी घातली, ते ती बोलली नाही. थोरलीने भिंतीला तळवा लावला आणि पटकन मागे घेतला. ही वायर बदला, असे वायरमनने तिला किती वेळा बजावले होते! दरवेळी ती त्याला चहा पाजून परत पाठवायची. ह्यांच्या हातच्या कामाला हात लावायचा नाही, म्हणायची.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमची माया आहे, तेही अधूनमधून मोजून पाहा. आणि चालू असताना मोजा.

थोरलीने मेन स्विच खाली ओढला. भट्टीचा लाल दिवा विझला.

"वायरमनला बोलाव गं," ती म्हणाली. "भिंत फोडायची."